पहिला क्रमांक कोणाचा?
(शोधयंत्रांची परीक्षा-पद्धति)

ज्ञान मिळविण्याचें साधन जितकें सुलभ, तितकी त्या साधनाची पारख अधिक जरूर असते. पूर्वीं एखाद्या विषयाची माहिती हवी असल्यास विद्यार्थ्यास ग्रंथालयांत जावें लागे, ग्रंथपालांस विचारावें लागे आणि चार पुस्तकें चाळावीं लागत. आज संगणकावर किंवा हातांतील दूरध्वनीवर दोन शब्द लिहितांच क्षणार्धांत पानांची यादी समोर उभी राहते. इंग्रजींत ज्यास सर्च इंजिन म्हणतात, त्याचें हें काम होय. या लेखांत त्यास शोधयंत्र असें म्हटलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, ही यादी आपण रोज पाहतां. परंतु त्या यादींतील पहिलें पान पहिलें कां व नववें पान नववें कां, असा प्रश्न आपल्या मनांत कधीं आला आहे काय? हा क्रम कोणी ठरविला? कोणाच्या साक्षीवरून ठरविला? आणि योग्यता नसतांही पहिला क्रमांक पटकावूं पाहणाऱ्यांस हें यंत्र कसें ओळखतें? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत यथामति केला आहे.

१. जाळें, कोळी आणि शब्दसूची

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत काम करीत असतांना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवर ठेवलेलीं पानें एकमेकांस दुव्यांनीं जोडावीं आणि वाचकानें एका पानावरून दुसऱ्या पानावर सहज जावें, अशी ती योजना होती. यांतूनच आजचें विश्वव्यापी जाळें निर्माण झालें. या जाळ्यास कोणी एक व्यवस्थापक नाहीं. ज्यास इच्छा होईल त्यानें पान लिहावें व वाटेल त्या पानाकडे दुवा द्यावा, अशी तेथें मोकळीक आहे.

आरंभीं पानें थोडीं असल्यामुळें माणसें त्यांची यादी हातानें करीत. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनीं १९९४ सालीं सुरू केलेली याहू ही अशीच विषयवार यादी होती. परंतु पानांची संख्या इतक्या वेगानें वाढली कीं, हें काम माणसांच्या आटोक्याबाहेर गेलें. मग त्यासाठीं यांत्रिक कोळी कामास लावण्यांत आले. कोळी म्हणजे एक आज्ञावली. ती एका पानावरील सर्व दुवे टिपून घेते, त्या दुव्यांनीं पुढच्या पानांवर जाते, तेथील दुवे पुन्हां टिपते आणि हा क्रम अखंड चालू ठेवते. ज्या संकेतस्थळाच्या मालकास आपल्या कांहीं भागांत या कोळ्यानें येऊं नये असें वाटतें, तो तशी सूचना एका लहानशा पत्रकांत लिहून ठेवतो. ही चाल १९९४ पासून आहे. आणि दारावरील पाटी वाचून सभ्य पाहुणा जसा परत फिरतो, तसे सभ्य कोळीही परत फिरतात.

कोळ्यांनीं आणलेल्या पानांची पुढें शब्दसूची केली जाते. ही कल्पना मुळींच नवी नाहीं. तेराव्या शतकांत पॅरिस येथें डोमिनिकन संघाचे विद्वान ह्यू ऑफ सेंट-शेर यांनीं आपल्या धर्मबंधूंच्या साहाय्यानें लॅटिन बायबलाची शब्दसूची तयार केली. अमुक शब्द पवित्र शास्त्रांत कोठें कोठें आला आहे, हें त्या सूचीवरून एकदम समजत असे. शोधयंत्राची सूची याच जातीची आहे. भेद आहे तो विस्ताराचा व वेगाचा. आपण प्रश्न विचारतों तेव्हां शोधयंत्र सारें जाळें धुंडाळीत नाहीं. तें फक्त आधींच तयार असलेली आपली सूची उघडून पाहतें. म्हणूनच उत्तर इतक्या लवकर मिळतें.

२. शब्दांची साक्ष

आतां समजा, एका विद्यार्थ्यानें "मोडी लिपि आणि तिचा अभ्यास" असे शब्द लिहिले. ते शब्द असलेलीं पानें पुष्कळ निघतील. त्यांत आधीं कोणतें दाखवावें? पहिला विचार असा सुचतो कीं, ज्या पानांत हे शब्द अधिक वेळां आले, तें पान विषयास अधिक धरून असावें. परंतु सर्वच शब्दांस सारखें वजन देतां येत नाहीं. "आणि" हा शब्द बहुतेक प्रत्येक मराठी पानांत सांपडतो. त्यावरून विषयाचा कांहींच बोध होत नाहीं. "मोडी" हा शब्द मात्र थोड्याच पानांत असतो, म्हणून त्याची साक्ष मोलाची. शब्द जितका विरळ तितकें त्याचें वजन अधिक, हें तत्त्व केंब्रिज येथील विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांनीं १९७२ सालीं गणिती रूपांत मांडलें. तें आजही या शास्त्राच्या पायांत आहे.

आपल्या मराठीच्या बाबतींत यंत्रास आणखी एक अडचण पडते. इंग्रजी शब्दाचीं रूपें थोडीं असतात. मराठींत एका "घर" या शब्दापासून घरास, घराला, घरांत, घराचा, घरांनीं अशीं कितीतरी रूपें होतात. शिवाय जुन्या पुस्तकांत "लिपि", "नाहीं" असें लिहिलेलें असतें, तर १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतरच्या पुस्तकांत "लिपी", "नाही" असें आढळतें. माणसास हे शब्द एकच आहेत हें सांगावें लागत नाहीं. यंत्रास मात्र तें शिकवावें लागतें. गूगल या शोधयंत्रानें २०१९ सालीं बर्ट नांवाची नवी भाषापद्धति उपयोगांत आणली. ती सुटा शब्द न पाहतां सबंध वाक्यांतील शब्दांचा परस्परसंबंध पाहते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती ज्या सत्तरांहून अधिक भाषांस लागू झाली, त्यांत मराठीही होती.

परंतु शब्दांच्या साक्षींत एक मोठा दोष आहे. ही साक्ष पान स्वतःच स्वतःविषयीं देत असतें. "मी मोडी लिपीविषयीं आहें" असें पानानें म्हणावें आणि यंत्रानें तें खरें मानावें, असा हा व्यवहार. लबाड लोकांच्या हें ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. त्यांनीं एकच शब्द पानावर शेंकडों वेळां लिहिण्यास आरंभ केला. वाचकास तें दिसून त्याचा विरस होऊं नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहिण्याची युक्ति निघाली. माणसाच्या डोळ्यांस तेथें कोरी जागा दिसे. यंत्रास मात्र शब्दांची रास दिसे. १९९० नंतरच्या दशकांतील शोधयंत्रें या युक्तीनें पुष्कळ वेळां फसत. एका विषयाचा शोध करावा आणि हातीं भलत्याच मालाची जाहिरात यावी, असा अनुभव लोकांस येऊं लागला.

३. दुव्यांची साक्ष

स्वतःची स्तुति स्वतः केलेली प्रमाण मानावयाची नाहीं, तर दुसऱ्याची साक्ष काढली पाहिजे, हें उघड आहे. विद्वानांच्या जगांत ही रीत आधींपासून होती. एखादा शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हां ज्यांच्या कार्याचा त्यास उपयोग झाला त्यांचा तो उल्लेख करतो. ज्या निबंधाचा उल्लेख पुष्कळांनीं केला, तो निबंध महत्त्वाचा असावा असें अनुमान निघतें. यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं अशा उल्लेखांची मोठी सूची प्रसिद्ध करून या अनुमानास साधन मिळवून दिलें होतें.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत संशोधन करणारे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं हाच विचार जाळ्यांतील पानांस लावला. एका पानानें दुसऱ्या पानाकडे दुवा देणें म्हणजे त्याच्या बाजूनें एक साक्ष देणें होय, असें त्यांनीं मानलें. परंतु नुसती साक्षींची संख्या मोजून ते थांबले नाहींत. साक्ष देणारा स्वतः किती वजनदार आहे, हेंही त्यांनीं हिशेबांत घेतलें. या पद्धतीस पेजरँक असें नांव मिळालें. तिच्या आधारें उभारलेल्या यंत्राचें वर्णन त्यांनीं १९९८ सालीं एका निबंधांत केलें. त्या वेळीं त्यांच्या संग्रहांत सुमारें २ कोटी ४० लाख पानें होतीं. त्याच वर्षीं त्यांनीं गूगल कंपनी स्थापन केली.

ही पद्धति समजण्यास एक लहानसें उदाहरण घेऊं. कागद-पेन्सिल घेऊन तें स्वतः सोडवून पाहावें.

क, ख व ग अशीं तीन पानें आहेत. क हें पान ख व ग या दोघांकडे दुवा देतें. ख हें केवळ ग कडे देतें. ग हें केवळ क कडे देतें. आरंभीं प्रत्येकास ६० गुण द्यावे. नियम असा कीं, प्रत्येक पानानें आपले सर्व गुण आपल्या दुव्यांच्या पानांत सारखे वांटून टाकावे.

पहिल्या फेरींत क आपल्या ६० पैकीं ३० ख ला व ३० ग ला देतें. ख आपले ६० ग ला देतें. ग आपले ६० क ला देतें. म्हणजे आतां क जवळ ६०, ख जवळ ३० व ग जवळ ९० गुण झाले. दुसऱ्या फेरीनंतर क ९०, ख ३०, ग ६० असे होतात. तिसरीनंतर क ६०, ख ४५, ग ७५. चौथीनंतर क ७५, ख ३०, ग ७५. फेऱ्या करीत गेल्यास आंकड्यांचा चढउतार कमी कमी होतो आणि अखेरीस क ७२, ख ३६ व ग ७२ येथें ते स्थिर होतात. ताळा पाहा: क आपले ७२ निम्मे निम्मे वांटतें, तेव्हां ख ला ३६ मिळतात; ग ला क कडून ३६ व ख कडून ३६ मिळून ७२ होतात; आणि ग आपले ७२ क ला देतें. हिशेब जुळला.

या उदाहरणांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ग च्या बाजूनें दोन साक्षी आहेत, क च्या बाजूनें एकच. तरीही दोघांचे गुण सारखे. कारण क ची एकुलती एक साक्ष वजनदार पानाची आहे आणि त्या पानानें ती दुसऱ्या कोणास वांटून दिलेली नाहीं. दहा अनोळखी माणसांच्या शिफारसींपेक्षां एका जाणत्या माणसाची शिफारस व्यवहारांतही अधिक मोलाची ठरते, त्यांतलाच हा प्रकार.

प्रत्यक्षांत या नियमास एक पुस्ती जोडावी लागते. कांहीं पानें आपसांतच दुवे देऊन बसलीं, तर भोंवऱ्यांत सांपडलेल्या पाण्याप्रमाणें सर्व गुण त्यांच्यांतच फिरत राहतील. म्हणून पेज व ब्रिन यांनीं एका भटक्या वाचकाची कल्पना केली. हा वाचक शंभरांपैकीं ८५ वेळां समोरच्या पानावरील एखाद्या दुव्यानें पुढें जातो. राहिलेल्या १५ वेळां त्यास कंटाळा येतो व तो कोणत्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो. असा वाचक दीर्घकाळ भटकत राहिल्यास ज्या पानावर तो अधिक वेळां सांपडेल, त्या पानाचें वजन अधिक. ही युक्ति सोपी होती आणि आरंभीं ती फारच सफल झाली.

४. खोटे साक्षीदार

न्यायालयांत साक्षीवर निकाल लागूं लागला कीं, साक्षीदार विकत मिळूं लागतात. जाळ्यांतही तसेंच झालें. दुव्यांवरून क्रम ठरतो हें कळतांच दुव्यांचा बाजार भरला.

अशा सर्व लबाडीस इंग्रजींत स्पॅम म्हणतात. या शब्दाची कथा मनोरंजक आहे. स्पॅम हें मूळचें १९३७ सालीं अमेरिकेंतील हॉर्मेल कंपनीनें बाजारांत आणलेल्या डबाबंद मांसाचें नांव. पुढें १९७० सालीं मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीनें एक प्रवेश केला. त्यांतील उपाहारगृहांत प्रत्येक पदार्थांत स्पॅम असतेंच आणि तें नांव पुनःपुन्हां इतकें ओरडलें जातें कीं, इतर बोलणें ऐकूं येईनासें होतें. न मागतां गळ्यांत पडणाऱ्या व खऱ्या गोष्टी बुडवून टाकणाऱ्या मजकुरास हें नांव त्यावरून मिळालें.

या लबाडीचे मुख्य प्रकार असे. एक, दुव्यांचे मळे: एकाच माणसानें शेंकडों निरर्थक संकेतस्थळें काढावयाचीं व त्या सर्वांनीं मिळून एका पानाकडे दुवे द्यावयाचे. भटक्या वाचकाच्या त्या १५ उड्यांमुळें प्रत्येक पानास, मग तें कितीही टाकाऊ असो, थोडेसें वजन मिळतेंच; हजार पानांचें तें थोडें थोडें वजन एका ठिकाणीं ओतलें कीं तें पुष्कळ होतें. दुसरा प्रकार, विकत घेतलेले दुवे: नामांकित संकेतस्थळास पैसे देऊन त्याची साक्ष मिळवावयाची. तिसरा, दोन तोंडांचीं पानें: कोळ्यास एक मजकूर दाखवावयाचा व माणसास दुसराच. चौथा, चोरलेलीं पानें: दुसऱ्याचा लेख जसाच्या तसा उचलून किंवा थोडे शब्द फिरवून आपला म्हणून मांडावयाचा.

हे उद्योग केवळ क्षुद्र लोकच करतात असें मात्र समजूं नये. २००६ सालच्या फेब्रुवारींत प्रसिद्ध मोटार-कंपनी बी. एम. डब्ल्यू. हिचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें आपल्या सूचींतून काढून टाकलें. जुन्या मोटारी या अर्थाचा जर्मन शब्द पुनःपुन्हां भरलेलीं पानें तेथें कोळ्यासाठीं ठेवलेलीं होतीं; माणूस आला कीं त्यास ताबडतोब दुसऱ्याच पानाकडे पाठविलें जाई. कंपनीनें तीं पानें काढून टाकल्यावर थोड्याच दिवसांत संकेतस्थळास पुन्हां जागा मिळाली. नांव मोठें असलें तरी नियम एकच, हें यांतून दिसलें.

कधीं कधीं ही युक्ति पैशासाठीं नव्हे, तर थट्टेसाठीं योजली गेली. २००३ सालीं पुष्कळ लोकांनीं संगनमत करून "दयनीय अपयश" या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर दुवा देऊन तो अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्राच्या पानाशीं जोडला. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. तरीही ते शब्द शोधणाऱ्यास तें पान प्रथम दिसूं लागलें. गूगलनें यावर यांत्रिक उपाय २००७ सालच्या जानेवारींत केला.

५. लबाडी ओळखण्याच्या रीती

आतां शोधयंत्र या साक्षीदारांची उलटतपासणी कशी करतें, तें पाहूं.

पहिली रीत विश्वासाच्या परंपरेची. स्टॅनफर्ड विद्यापीठ व याहू येथील संशोधकांनीं ती २००४ सालीं ट्रस्टरँक या नांवानें मांडली. प्रथम तज्ज्ञ माणसांनीं स्वतः तपासून थोडीं खात्रीचीं पानें निवडावयाचीं. मग तेथूनच विश्वास वांटावयास आरंभ करावयाचा. खात्रीचें पान ज्याकडे दुवा देतें त्यास विश्वासाचा अंश मिळतो, तें पान ज्यास दुवा देतें त्यास त्याहून कमी, असा तो अंश दूर जाऊं तसतसा क्षीण होतो. चांगलें पान सहसा वाईट पानाकडे दुवा देत नाहीं, हें या रीतीचें गृहीत आहे. त्यामुळें दुव्यांचे मळे कितीही मोठे असले तरी त्यांच्यापर्यंत विश्वासाचा ओघ फारसा पोंचत नाहीं.

दुसरी रीत आकृति पाहण्याची. खऱ्या पानास दुवे मिळतात ते हळूहळू, निरनिराळ्या ठिकाणांहून व निरनिराळ्या शब्दांत. एकाच आठवड्यांत हजार दुवे यावे, त्या सर्वांवर अगदीं तेच शब्द असावे आणि दुवा देणारीं पानें आपसांतच गुंतलेलीं असावीं, तर संशयास जागा होते. पाठ करून आलेल्या साक्षीदारांची भाषा जशी एकसारखी असते, तशीच ही गोष्ट. गूगलनें २०१२ सालच्या एप्रिलांत पेंग्विन नांवाची सुधारणा केली ती मुख्यत्वें अशा खोट्या दुव्यांसाठीं होती. आरंभीं तिनें अशा संकेतस्थळांस खालीं ढकललें जाई. २०१६ पासून ती बहुधा खोटे दुवे हिशेबांतच धरीत नाहीं. खोट्या साक्षीस हें उत्तम उत्तर नव्हे काय?

तिसरी रीत नक्कल ओळखण्याची. अँड्रे ब्रोडर यांनीं १९९७ सालीं मांडलेल्या पद्धतींत मजकुराचे एकमेकांवर चढलेले लहान तुकडे करतात. "रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला" या वाक्याचे तीन तीन शब्दांचे तुकडे असे: रायगडावर शिवाजी महाराजांचा, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोन पानांतील असे तुकडे ताडून पाहिले कीं, किती भाग समान आहे तें लगेच कळतें. मधलेच चार शब्द बदलले तरी बाकीचे तुकडे चोरी उघड करतात. दुसऱ्याच्या वहीवरून निबंध उतरवून त्यांत दोन शब्द फिरविणाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

चौथी रीत वेषांतराची. दोन तोंडांचें पान ओळखण्यासाठीं शोधयंत्र तेंच पान दोन प्रकारांनीं पाहूं शकतें: एकदां आपलें नांव सांगून व एकदां सामान्य वाचकाप्रमाणें. दोन्ही वेळां मजकुरांत फार अंतर दिसलें कीं लबाडी उघडी पडते. जुन्या कथांतील राजे रात्रीं वेष बदलून नगरांत फिरत, त्यांतलाच हा प्रकार.

पांचवी रीत शिकणाऱ्या यंत्राची. माणसांनीं तपासलेल्या चांगल्या पानांचा एक ढीग व वाईट पानांचा एक ढीग यंत्रापुढें ठेवतात. शब्दांची पुनरुक्ति, दुव्यांची ठेवण, जाहिरातींची गर्दी इत्यादि खुणांवरून दोन ढिगांतील भेद तें स्वतः शिकतें व मग नव्या पानास तोच निकष लावतें. गूगलची स्पॅमब्रेन ही पद्धति २०१८ पासून या कामीं आहे. निकष तपशीलवार प्रसिद्ध करीत नाहींत. प्रश्नपत्रिका आधीं फुटली तर परीक्षेस अर्थ उरत नाहीं, हें त्याचें कारण सर्वांस पटण्यासारखें आहे.

६. माप आणि ध्येय

एवढे उपाय असूनही हा लढा संपलेला नाहीं व संपणारही नाहीं. याचें मूळ यंत्रांत नसून मनुष्यस्वभावांत आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनीं १९७५ सालीं पैशाच्या व्यवहारासंबंधीं एक विचार मांडला, तो पुढें त्यांच्या नांवानें नियम म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा कीं, एखादें माप हेंच ध्येय होऊन बसलें म्हणजे तें चांगलें माप राहत नाहीं. दुवे हे योग्यतेचें माप होते. लोक योग्यता सोडून दुव्यांच्या मागें लागले, तेव्हां दुव्यांची किंमत घसरली.

शाळेंतील गुणांचेंही याहून निराळें नाहीं. गुण हें ज्ञानाचें माप. परंतु गुण हेंच ध्येय झालें म्हणजे अपेक्षित प्रश्नांचीं उत्तरें घोकलीं जातात, पुस्तक बाजूस राहतें, क्वचित् याहून वाईट मार्गही अनुसरले जातात; आणि मग त्या गुणांवरून विद्यार्थ्याची परीक्षा होत नाहीं. पालकवर्गानेंही मुलास "किती गुण मिळाले?" एवढेंच न विचारतां "काय समजलें?" हेंही विचारल्यास मोठेंच कार्य होईल.

गेल्या थोड्या वर्षांत या लढ्यास नवें वळण लागलें आहे. लेख लिहिणारीं यंत्रें निघाल्यामुळें हजारों पानें तासाभरांत तयार करणें शक्य झालें आहे. केवळ वरचा क्रमांक मिळविण्याच्या हेतूनें, वाचकाच्या उपयोगाचा विचार न करितां असा मजकूर घाऊक निर्माण करणें नियमबाह्य आहे, असें गूगलनें २०२४ सालच्या मार्चांत स्पष्ट केलें. शोधयंत्रें स्वतःही आतां पानांच्या यादीवर तयार उत्तर देऊं लागलीं आहेत. त्याच वर्षीं मे महिन्यांत गूगलच्या अशा एका उत्तरांत पिझ्झ्यावरील चीज घसरूं नये म्हणून त्यांत गोंद मिसळावा, असा सल्ला निघाला! कोणीतरी अनेक वर्षांपूर्वीं थट्टेनें लिहिलेलें वाक्य यंत्रानें खरें मानलें होतें. यंत्रास साक्ष तोलतां येते. थट्टा कोणती व सत्य कोणतें, हें त्यास नेहमींच उमगतें असें नाहीं.

७. वाचकाचें कर्तव्य

यावरून शोधयंत्रें निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढूं नये. इतका मोठा ग्रंथसंग्रह इतक्या लवकर कोणा ग्रंथपालानें कधींच धुंडाळून दिला नव्हता. परंतु पहिला क्रमांक म्हणजे सत्याचा शिक्का नव्हे. त्याचा अर्थ एवढाच कीं, यंत्रानें तोललेल्या साक्षींत या पानाचें पारडें जड ठरलें. शेवटचा न्याय वाचकानेंच करावयाचा आहे. त्यासाठीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

यादीच्या अगदीं वर पुष्कळदां पैसे घेऊन दिलेल्या जाहिराती असतात. त्यांवर तशी लहानशी खूण असते. ती आधीं पाहावी. जाहिरातींवर चालणारें शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकण्याचा संभव असतो, असा इशारा पेज व ब्रिन यांनींच आपल्या १९९८ च्या निबंधांत दिला होता. पुढें त्यांच्याच कंपनीचें मुख्य उत्पन्न जाहिरातींचें झालें, म्हणून तो इशारा अधिकच स्मरणांत ठेवण्याजोगा आहे.

पान कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें व कशाच्या आधारें लिहिलें, हें पाहावें. लेखकाचें नांव नाहीं, तारीख नाहीं, आधार नाहीं, अशा पानावर विसंबूं नये. महत्त्वाची गोष्ट एकाच पानावरून खरी मानूं नये. दोन-तीन स्वतंत्र ठिकाणीं ती सांपडते का तें पाहावें. येथें "स्वतंत्र" या शब्दावर भर आहे. तींच वाक्यें दहा पानांत असलीं तर त्या दहा साक्षी नव्हेत. ती एकाच साक्षीची दहा वेळां केलेली नक्कल होय.

वडील मंडळींस एक विनंती. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीच्या मदतकेंद्राचा दूरध्वनि क्रमांक शोधयंत्रावर पाहून एकदम फिरवूं नये. ठकांनीं आपले क्रमांक अशा ठिकाणीं पेरून ठेवल्यामुळें पुष्कळांचे कष्टाचे पैसे गेले आहेत. खातेपुस्तकावर, कार्डाच्या मागील बाजूस अथवा संस्थेच्या खात्रीच्या संकेतस्थळावर दिलेला क्रमांकच घ्यावा. तसेंच दुखण्यावरील औषध पहिल्या पानावरून ठरवूं नये. त्यासाठीं डॉक्टरांकडेच जावें. घरांतील मुलास हें यंत्र चालवितां येत असेल, तर त्यानें आजी-आजोबांस एवढें समजावून सांगावें. ही लहान सेवा नव्हे.

आणि एक शेवटची गोष्ट. दुवा देणें म्हणजे साक्ष देणें, हें आपण वर पाहिलें. आपणही दूरध्वनीवर आलेला मजकूर चार जणांस पुढें पाठवितों, तेव्हां त्याच्या बाजूनें साक्षच देत असतों. न वाचतां, न पारखतां मजकूर पुढें धाडणारा माणूस नकळत खोट्या साक्षीदारांच्या रांगेंत उभा राहतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, हें आपण प्रार्थनामंदिरांत, घरांत व शाळेंत लहानपणापासून शिकत आलों आहों. ती शिकवण या नव्या जाळ्यासही तितकीच लागू आहे. लबाड पानें ओळखण्याचें काम यंत्रें आपल्या परीनें करीत राहतील. आपल्या हातून निघणारी प्रत्येक साक्ष खरी असावी, एवढी जबाबदारी मात्र आपली आहे.